बोटीवरल्या आजोबांचं इंजिन पुन्हा चालतं केलं

स्टुअर्ट टर्नरचं 'टेन व्ही' हे वाफेवर चालणारं छोटं इंजिन वीतभर उंचीचं असतं. पाऊण इंची बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), पाऊण इंची स्ट्रोक (पिस्टनची धाव), तीन इंची फ्लायव्हील. सिलिंडर वर, क्रँक खाली आणि मधे क्रॉसहेड (पिस्टनच्या दांड्याला सरळ रेषेत ठेवणारा सरकता सांधा), म्हणजे जुन्या आगबोटीच्या इंजिनाची उभी मांडणीच, फक्त एका सिलिंडरची. हेन्ली-ऑन-थेम्सची ही इंग्रज कंपनी ओतीव भागांचा संच विकायची आणि घेणाऱ्याने ते भाग स्वतः लेथवर कातून इंजिन उभं करायचं. संच आजही मिळतो.

आमच्या देवगडच्या घरातलं इंजिन बाबांच्या काकांनी केलेलं. ते बोटीवर इंजिन रूममध्ये तेलवाले होते. आम्ही त्यांना बोटीवरले आजोबा म्हणायचो. विलायतेच्या एका फेरीत त्यांनी हा संच घेतला आणि पाळी सुटल्यावर बोटीवरच्याच लेथवर तो कातला, असं घरात सगळे सांगतात. सुट्टीवर आले की ते खळ्यात इंजिन मांडून चालवायचे. ते गेल्यानंतर इंजिन माळ्यावर गेलं आणि कित्येक पावसाळे तिथेच राहिलं. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. खारी हवा कौलांखालून माळ्यावर जाते आणि लोखंड खाते.

खाली उतरवलं तेव्हा फ्लायव्हील जागचं हलत नव्हतं. सिलिंडरच्या अंगावरचा हिरवा रंग बराचसा शाबूत होता, पण पिस्टनरॉड तांबडा झाला होता. पाया फणसाच्या लाकडाचा. त्याला कीड नव्हती, भेग नव्हती.

सगळ्यात आधी मी एक गोष्ट ठरवली. इंजिन चालतं करायचं, नवं करायचं नाही. या दोन कामांत लोक गल्लत करतात. जुनी वस्तू हातात आली की आधी रंग खरवडतात, पितळ आरशासारखं घासतात, आणि करणाऱ्या माणसाच्या हाताची खूण पहिल्याच दिवशी पुसली जाते. ती परत आणता येत नाही. म्हणून माझा नियम असा होता की जिथून वाफ जाते आणि जिथे धातूवर धातू घासतो, तेवढ्याच जागांना हात लावायचा. रंग, पाया, नटांची डोकी, कानशीच्या रेघा, सगळं आजोबांनी सोडलं तसं.

हा नियम पाळायला उघडायच्या आधी पाहावं लागतं. भिंग घेऊन मी इंजिन कितीतरी वेळ नुसतं पाहत बसलो. सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या प्रत्येक स्टडशेजारी (स्टड म्हणजे सिलिंडरमध्ये रोवलेला आट्यांचा दांडा) पंचाचे बारीक ठिपके होते, एक, दोन, तीन असे, आणि तेवढेच ठिपके त्या-त्या नटावर. म्हणजे हा नट याच स्टडचा. आजोबांनी प्रत्येक जोडी एकमेकींवर बसवून घेतली होती. मी अंड्याच्या रिकाम्या ट्रेच्या खणांत त्याच क्रमाने नट ठेवले.

या नटांबद्दल इथेच सांगतो, कारण आपल्याकडे असं इंजिन कोणी उघडलं तर त्याला ही अडचण येणारच. हे आटे नेहमीचे मेट्रिक नाहीत, बीए म्हणजे ब्रिटिश असोसिएशन या जुन्या इंग्रजी मापाचे आहेत. शून्य नंबरचा बीए म्हणजे ६ मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर पिच (आट्याच्या दोन वळशांमधलं अंतर); पुढच्या प्रत्येक नंबरला पिच मागच्याच्या ०.९ पट होतो. त्या हिशेबाने ५ नंबरचा आटा ३.२ मिलिमीटरचा आणि त्याचा पिच ०.५९ येतो. हार्डवेअरच्या दुकानात 'हा तीन एमएम असेल' म्हणून जो नट पुढे करतील त्याचा पिच ०.५ आहे आणि भोक लहान. तो बसणार नाही, आणि जबरदस्तीने बसवला तर स्टड गेलाच. म्हणून एकही स्टड तुटू द्यायचा नाही, हे काम सुरू करतानाच मनाशी पक्कं हवं. मी अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मंनिम्मं मिसळून ड्रॉपरने आट्यांच्या मुळाशी सोडत राहिलो. मिश्रण दर वेळी हलवून घ्यावं लागतं, नाहीतर दोन्ही वेगळे होतात. जवळ उघडी ज्योत अजिबात नको. नट सोडवताना पाव वळसा पुढे, पाव वळसा मागे. सगळे निघाले.

पिस्टन मात्र निघेना. सिलिंडर बिडाचा, पिस्टन त्यात अर्ध्यावर गंजून बसलेला. वरून लाकूड ठेवून ठोकायचा मोह होतो. पण ठोकलं तर पिस्टनरॉड वाकतो, आणि रॉड वाकला तर ग्लँडमधून, म्हणजे रॉड सिलिंडरबाहेर येतो तिथल्या सांध्यातून, वाफ कायमची गळत राहते. आनंदवाडीकडे ट्रॉलरची कामं करणारं एक वर्कशॉप आहे. तिथल्या मिस्त्रींकडे इंजिन घेऊन गेलो. त्यांनी ते बराच वेळ हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "झिला, ठोकू नको हां. ग्रीस मार."

ही युक्ती मला फार आवडली, म्हणून सविस्तर लिहितो. सिलिंडरच्या खालच्या टोकाला पाणी काढायचा एक बारीक कॉक असतो. तो काढून त्या भोकात बसेल असा एक छोटा जोड मिस्त्रींनी कातून दिला, त्याच्या दुसऱ्या तोंडाला ग्रीसगन लागते. पण सिलिंडरला आणखी वाटा आहेत. बाजूच्या व्हॉल्व्ह चेस्टमध्ये, म्हणजे वाफ आधी जिथे येते त्या पेटीत, सपाट घासलेल्या तोंडावर तीन खाचा असतात: वरच्या टोकाला वाफ नेणारी, खालच्या टोकाला नेणारी, आणि मधली बाहेर सोडणारी. खालची खाच उघडी ठेवली तर ग्रीस तिथूनच निघून जाईल. म्हणून तोंडावर जाड रबराचा तुकडा, त्यावर लोखंडी पट्टी, आणि चेस्टच्याच स्टडनी ती आवळलेली. वरचं झाकण काढलेलं, रॉड क्रॉसहेडपासून सोडवलेला. मग ग्रीसगनचा दांडा हळूहळू दाबायचा.

हिशेब असा आहे. पाऊण इंची पिस्टनचं क्षेत्रफळ ०.४४ चौरस इंच. ग्रीसगनने चौरस इंचाला हजार पौंड दाब आला, जो सहज येतो, तर पिस्टनखाली सुमारे ४४० पौंड, म्हणजे २०० किलोंचा जोर लागतो. तोही सगळीकडून सारखा, एका बाजूने धक्का नाही. आणि ग्रीस दबत नाही, त्यामुळे पिस्टन सुटला तरी उडत नाही, जिथे सुटला तिथेच थांबतो. हेच काम कोणी हवेच्या दाबाने करू पाहील तर पिस्टन गोळीसारखा बाहेर येईल.

दांडा कडक झाला. मिस्त्री थांबले, परत थोडा दाबला. बारीकसा 'टक्' आवाज आला आणि पिस्टन केसभर वर सरकला. त्यानंतर तो लोण्यातून यावा तसा वर आला. खाली सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचं एक कडं होतं, पण खड्डे उथळ होते. लाकडी गोल दांड्याला झिरो पेपर गुंडाळून, रॉकेल लावून मी ते कडं काढलं. खड्डे राहू दिले. बोअर मोठा करून नवा पिस्टन घालता आला असता. पण या पिस्टनला मधे खाच आहे आणि त्या खाचेत ग्रॅफाइटची दोरी भरली की उथळ खड्ड्यांवरूनही तो वाफ अडवतो. आजोबांनी कातलेला पिस्टन टाकून द्यायचं कारणच नव्हतं.

ती दोरी कुठून आणायची हा प्रश्न देवगडात एका मिनिटात सुटला. ट्रॉलरचा पंख्याचा शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो तिथे ग्लँड पॅकिंग भरतात. चौकोनी विणलेली, ग्रॅफाइट आणि चरबी लावलेली दोरी. तिचा वीतभर तुकडा घेतला, उसवला, आतला एकेक धागा सोडवला. तोच धागा पिस्टनच्या खाचेत आणि रॉडच्या ग्लँडमध्ये भरला. समुद्राचं पाणी बोटीत येऊ न देणारी वस्तू इथे वाफेला बाहेर जाऊ देत नाही. ग्लँडचा नट बोटानेच आवळायचा. पान्याने आवळला की रॉड घट्ट होतो आणि लोक म्हणतात इंजिनात दम नाही.

यानंतरचं काम शांतपणे करायचं: स्लाइड व्हॉल्व्ह. ही एक छोटी डबीसारखी वस्तू, पालथी घातलेली, त्या तीन खाचांवर वरखाली सरकते. चेस्टमधली वाफ तिला तोंडावर दाबून धरते. ती आणि तोंड दोन्ही सपाट नसतील तर वाफ काम न करताच बाहेर निघून जाते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. माझ्या मते जुनी इंजिनं 'चालत नाहीत' म्हणून पडून असतात, त्यांतल्या पुष्कळांचं दुखणं इथे असतं. जाड काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा आणि मग ८०० चा वॉटर पेपर ठेवून, तेल लावून, आठच्या आकड्यात व्हॉल्व्ह घासला. आधी त्यावर मार्करने रेघा मारायच्या. जिथली रेघ पुसली जात नाही तिथे खोलगट आहे. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की थांबायचं. चेस्टचं तोंड घासायला सपाट पितळी पट्टीला पेपर चिकटवला, कारण तिथे काच पोचत नाही.

टायमिंग बसवताना मला आजोबा सगळ्यात जवळून भेटले. क्रँकशाफ्टवर एक एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सोडून बसवलेली चकती असते, ती व्हॉल्व्हला वरखाली नेते. एका बारीक स्क्रूने ती शाफ्टला पकडलेली. आधी व्हॉल्व्हच्या दांडीवरचा नट फिरवून वरची आणि खालची खाच सारखीच उघडते ना ते पाहायचं. मग क्रँक अगदी वरच्या टोकाला आणून एक्सेंट्रिक फिरवायची, वरची खाच नुकती चिरायला लागली की स्क्रू आवळायचा. एक्सेंट्रिक क्रँकच्या पुढे काटकोनापेक्षा थोडी जास्त राहते, तो थोडासा जास्तीचा कोन व्हॉल्व्हच्या लॅपमुळे, म्हणजे त्याची कड खाचेच्या पुढे जेवढी जाते त्यामुळे, लागतो.

शाफ्टवरचं जुनं तेल पुसलं तेव्हा एक्सेंट्रिकच्या शेजारी एक नाही, दोन रेघा दिसल्या. सुईने ओढलेल्या, अगदी बारीक. एक्सेंट्रिकवर एकच रेघ. शाफ्टवरच्या दोन रेघांमधलं अंतर अर्ध्या वर्तुळाहून थोडं कमी. मी हिशेब केला आणि उलगडा झाला. एक रेघ इंजिन पुढे फिरवायची, दुसरी मागे. या छोट्या इंजिनाला उलटं फिरवायची यंत्रणा नाही, तरी बोटीच्या इंजिन रूममध्ये वावरलेल्या माणसाने 'अहेड' आणि 'अस्टर्न' दोन्ही खुणा करून ठेवल्या होत्या. मी माझ्या पद्धतीने टायमिंग बसवलं आणि मग पाहिलं. एक्सेंट्रिकची रेघ पहिल्या रेघेवर येऊन थांबली होती. त्या संध्याकाळी मी ते घरात सगळ्यांना भिंगातून दाखवलं. आत्या बराच वेळ भिंग धरून होती. म्हणाली, "ते असंच करायचे. चमच्यांवरसुद्धा नाव कोरायचे."

सगळं जोडल्यावर आधी हवेवर चालवून पाहायचं, वाफेवर नाही. पंक्चरवाल्याच्या काँप्रेसरला रेग्युलेटर लावला, चौरस इंचाला वीस पौंडावर सुरुवात केली, फ्लायव्हीलला बोटाने ढकललं. इंजिन दोनदा अडखळलं आणि फिरायला लागलं. थोडा वेळ चालल्यावर पॅकिंग बसलं, मग दाब उतरवत उतरवत सात-आठ पौंडांवर आणला तरी ते संथ फिरत राहिलं. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. चेस्टच्या झाकणाला बुडबुडे आले, तिथे जाड कागदाचं तेलात भिजवलेलं गॅस्केट घातलं.

बॉयलरच्या बाबतीत मात्र मी माझा नियम बाजूला ठेवला. इंजिनासोबत आजोबांनीच केलेला पितळी बॉयलर होता, साध्या डाखाने सांधलेला. त्याच्या बुडाला पितळाचा पिवळा रंग जाऊन गुलाबी डाग पडले होते. पितळातलं जस्त निघून गेलं की असे डाग पडतात. उरतं ते सच्छिद्र तांबं, हाताने दाबलं तर शाबूत वाटतं पण जोर धरत नाही. साधा डाखही १८५-१९० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतो. चाळीस पौंडाच्या वाफेचं तापमानच १४१ अंश असतं, आणि पाणी संपलं तर पत्र्याचं तापमान कुठल्या कुठे जातं. तो बॉयलर मी पुसून कपाटात ठेवला. तो आता फक्त पाहायचा.

कायद्याने बॉयलरची नोंदणी आणि तपासणी लागते, पण २५ लिटरपेक्षा कमी पाणी मावणारं भांडं त्या व्याख्येत येत नाही. आपला बॉयलर अर्ध्या लिटरचा. म्हणजे निरीक्षक येणार नाही, आणि म्हणूनच निरीक्षकाचं काम आपण जास्त कडक करायला हवं, असं मी मानतो.

नवा बॉयलर तांब्याचा, तीन इंची नळीचा. दोन्ही टोकांची झाकणं एका तांबटाकडून काठ वळवून घेतली. तांबं लाल करून पाण्यात बुडवलं की मऊ होतं, मग लाकडी साच्यावर ठोकून काठ वळतो, मधेच कडक झालं की परत लाल करायचं. सांधे केले ते बर्फाच्या कारखान्याची कामं करणाऱ्या रेफ्रिजरेशनच्या मेकॅनिकने. मासळीचं बंदर असल्यामुळे तांब्याच्या नळ्या झाळणारे हात इथे तयार आहेत. फक्त रॉड कोणता ते मी सांगितलं: ४५ टक्के चांदीचा, कॅडमियम नसलेला, फ्लक्ससह. कॅडमियमचा धूर विषारी. बुश, म्हणजे कॉक आणि गेज बसवायच्या आट्यांच्या कड्या, पितळाचे नाहीत, गनमेटलचे (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे). ट्रॉलरच्या जुन्या शाफ्टबुशमधून मिस्त्रींनी कातून दिले. आणि दोन्ही झाकणांना बांधणारी एक तांब्याची सळई आरपार. तीन इंची झाकणावर चौरस इंचाला चाळीस पौंड दाब म्हणजे एकूण सुमारे २८० पौंड, सव्वाशे किलोंच्या वर जोर. सपाट झाकणाला एवढ्या जोरापुढे आधार हवाच.

चाचणी पाण्याने करायची, हवेने कधीही नाही. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे सांधा सुटला तर दोन थेंब उडतात आणि दाब शून्यावर येतो. हवा दबून बसलेली असते, ती फुटते. दाब द्यायला शेजाऱ्यांच्या आंबाबागेतला फवारणीचा पायपंप आणला, आधी भरपूर धुऊन. बॉयलर काठोकाठ भरला, आतली हवा काढली, पंप मारला आणि गेज ऐंशीवर नेला, चालवायच्या दाबाच्या दुप्पट. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुशपाशी पाण्याचा एक मणी उभा राहिला. पुसला, परत आला. तो सांधा परत झाळून घेतला आणि चाचणी पहिल्यापासून केली. मग काटा अर्धा तास जागचा हलला नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह चाळिसाला सुटेल असा त्याच गेजवर लावला, आणि वाफेवर तो खरंच सुटतो हे इंजिन जोडायच्या आधी पाहून घेतलं.

पाण्याचा प्रश्न कोकणात सोपा आहे. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते बॉयलरला चालणार नाही. पावसाचे पहिले काही दिवस कौलांवरचं मीठ आणि धूळ धुऊन जाऊ द्यायची, मग पागोळ्यांखाली स्टीलचं पातेलं ठेवायचं आणि पाणी कपड्यातून गाळून भरून ठेवायचं. त्याने बॉयलरमध्ये क्षाराचा थर धरत नाही. तेलाचा प्रश्न मात्र घाटावर जाऊन सुटला. गाडीचं तेल वाफेत मिसळून पांढरं होतं आणि धुपून जातं. इथे लागतं ते स्टीम सिलिंडर ऑइल, मधासारखं दाट. कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात नात्यातले एक जण आहेत, त्यांनी औषधाच्या बाटलीत भरून दिलं.

वाफेवर पहिल्यांदा चालवलं ते खळ्यात. गॅसचा छोटा बर्नर, काटा हळूहळू चढला. तीस पौंडाला मी वाफ सोडली, पण दोन्ही ड्रेन कॉक उघडे ठेवून. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं लगेच पाणी होतं, आणि ते पाणी पिस्टन आणि झाकण यांच्यात अडकलं तर झाकण फुटेल. मोठ्या बोटींवरही इंजिन असंच आधी गरम करून घेत. कॉकमधून फुरफुर पाणी उडालं, फ्लायव्हील पुढे-मागे हाताने हलवत राहिलो, सिलिंडर हात लावता येणार नाही एवढा तापला. मग पाणी थांबून नुसती वाफ यायला लागली. खालचा कॉक बंद केला, वरचा बंद केला, आणि इंजिनाने स्वतःचं स्वतः चालणं धरलं. हवेवरचा आवाज कोरडा होता. वाफेवरचा ओला, भरीव, आणि त्याला तापलेल्या तेलाचा वास. बाबा खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. मधेच त्यांनी वाफेचा कॉक जरासा बंद केला, आणि इंजिन इतकं संथ झालं की क्रॉसहेडची प्रत्येक फेरी डोळ्याने मोजता यावी. "असंच ठेवायचे ते," म्हणाले.

चालवून झाल्यावर लगेच उठायचं नाही. इंजिन गरम असतानाच कॉक उघडून आतलं पाणी जाऊ द्यायचं, पंपाने हवा मारायची, वाफेच्या तोंडातून तेलाचे चार थेंब सोडून फ्लायव्हील हाताने फिरवायचं. आमच्या हवेत हे एकदा जरी टाळलं तरी सिलिंडरमध्ये गंजाचं कडं परत धरेल. इंजिन आता झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतं.

राहिलेलं काम म्हणजे फीडपंप, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा. बॉयलर लहान, त्यामुळे पाण्याच्या पातळीची काच पाहून वेळेत आग बंद करावी लागते. चालू असतानाच हाताने पाणी भरता आलं तर जास्त वेळ चालवता येईल आणि धोकाही कमी होईल. पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, सगळे ट्रॉलर दुरुस्तीला येतात, तेव्हा वर्कशॉपला उसंत नसते. नारळी पौर्णिमेनंतर लेथ मोकळा होईल. गनमेटलचा एक तुकडा मिस्त्रींनी बाजूला काढून ठेवला आहे. दट्टा पाव इंची ठेवायचा की तीन-अष्टमांश, यावर आमचं अजून एकमत नाही. ते म्हणतात जाड ठेव, पाणी भराभर जाईल, आणि मी म्हणतो बारीक ठेवला तर चाळीस पौंडाविरुद्धही घरातल्या मुलांना हाताने दाबता येईल.